मुखवट्याचं नाक

राखेचा बुधवार, सकाळचे साडेनऊ

ती. वाल्बुर्गाताईस,

धाकट्या गेबहार्टचा नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, कारण काही नाही. सहज. तू म्हणशील अठ्ठावन्न वर्षांत याला सहज कधी सुचलं नाही, ते आज बरं सुचलं. ते जाऊ दे. तुझा खुबा कसा आहे? नवा बसवला हे हेडविगला तुझ्या ख्रिसमसच्या कार्डावरून कळलं. (कार्डावर हेडविगला अकरा ओळी होत्या आणि माझ्या वाट्याला पत्त्यातलं ‘आणि गेबहार्ट’. मी मोजलं म्हणून सांगतो, तक्रार नाही.) नव्या खुब्यानं त्या ब्रेमेनच्या वाऱ्यात हिंडू नकोस. त्या वाऱ्यानं आमच्या हिन्नर्कभाऊजींसारखा खांबासारखा माणूस नेला. डॉक्टर हृदय म्हणाले, मी वारा म्हणतो. तुमच्याकडचा तो हिरवा कोबी आणि त्यातलं भरड्याचं सॉसेज रात्रीचं खाऊ नकोस, चहा तीन कपांवर थांबव. फोनच केला असता, पण फोन तू ठेवून देतेस. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

इकडे सर्व ठीक. म्हणजे ठीक नाही, पण पत्रात तसंच लिहितात. हेडविगचे पाय सुजतात, म्हणून डॉक्टरनं तिला ते दाबाचे घट्ट मोजे दिलेत. ते चढवणं म्हणजे भिजलेल्या बोक्याला पोत्यात घालणं. मी एकदाच प्रयत्न केला, त्यात मोजा वाचला, आमचं लग्न थोडक्यात वाचलं. तेव्हापासून रोज सकाळी सातच्या ठोक्याला नर्स येते, इर्मा नावाची, दोन मिनिटांत दोन्ही पाय आत. बाई कामाला चोख. पन्नाशीची असेल. तीस वर्षं गावात आहे, कझाकस्तानातून आली, आई आणि आजीला घेऊन. त्यांना आम्ही ‘खालच्या आळीचे रशियन’ म्हणतो. आता नावं जर्मन, देव जर्मन (लुथरचा, आपला कॅथलिक नाही, पण देवच), तरी रशियन. कुणी ठरवलं विचारू नकोस. बहुतेक मीच ठरवलं असेल. दूधगाडी येते त्या चौकात बसून मी बऱ्याच गोष्टी ठरवल्या आहेत.

तर ही इर्मा गेल्या शरद ऋतूत आपल्या मुखवटा मंडळात आली. बायकांना मंडळ उघडून आता पुष्कळ वर्षं झाली, पण खालच्या आळीतून कुणी आलं नव्हतं. मत झालं. नऊ हात, त्यातले आठ वर, एक खाली. खालचा माझा. मी मंडळातला सगळ्यात म्हातारा, म्हणून उभं राहून बोललो. मी म्हणालो, माझं बाईशी वाकडं नाही, कझाकस्तानशीही नाही, पण फास्नेटला, राखेच्या बुधवाराआधीच्या या सोंगांच्या सणात, मुखवटा घालून नुसतं नाचायचं नसतं, लोकांना विंचरायचं असतं. विंचरायला आपल्या दरीची बोली लागते. जिची बोली इथली नाही ती काय विंचरणार, रशियनमध्ये? यावर मी स्वतःच हसलो. बाकी कुणी हसल्याचं आठवत नाही. आपला मंडळप्रमुख ऑयगेन (बेकरीवाल्याचा मुलगा, तू गेलीस तेव्हा पाळण्यात होता, आता स्वतः आजोबा आहे) एवढंच म्हणाला, “गेबहार्टकाका, तुम्ही तिला बोलताना कधी ऐकलंय का?” मी म्हटलं रोज सकाळी सातला ऐकतो, पुस्तकी जर्मन बोलते, शाळामास्तरीण वाटते. विषय संपला. मला लांबण आवडत नाही.

विंचरणं तुमच्या उत्तरेत नसतं म्हणून आठवण करून देतो. तू विसरली नसशील, पण हेडविग म्हणते नीट सगळं लिही. मुखवटेवाला खानावळीत शिरतो, आवाज बदलतो, तुला टेबलाशी गाठतो आणि वर्षभरात तू केलेला सगळा बावळटपणा चारचौघांत तुझ्या केसांतून उवांसारखा काढून दाखवतो. तू बसायचं, हसायचं आणि सोसायचं. मुखवटा सगळ्यांना अरेतुरे करतो, पाद्रीबाबांनाही. नियम दोनच. कोण आहे त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि मुखवट्याला हात लावायचा नाही. चोरी करणाऱ्याला आपल्या गावात तीन वर्षांनी माफ करतात. हे दोन नियम मोडणाऱ्याची गोष्ट नातवंडांपर्यंत सांगतात. (तुझं प्रकरण मी काढणार नव्हतो, पण आता आलंच. सासष्ट सालचा फास्नेटचा सोमवार. बायकांना तेव्हा बंदी होती आणि तू वडिलांचा मुखवटा चढवून बैलाच्या खानावळीत उतरलीस. अख्खी खानावळ विंचरलीस, कुणाला पत्ता नाही. तेवढ्यात चाकं करणाऱ्या फ्रिडोलिनच्या टेबलावरून कुणीतरी तुझं नाव घेऊन ओरडलं. मग मंडळानं वडिलांचा मुखवटा पुन्हा कधी निघणार नाही असा ठराव केला, तू राखेच्या बुधवारी सकाळच्या बसनं गेलीस, आणि वडील त्यांच्या जिवलग फ्रिडोलिनशी मरेपर्यंत बोलले नाहीत. हे सगळं तुला माहीत आहे. मी का लिहितोय? शाई आहे म्हणून.)

आता मुद्द्याचं. परवाच्या सोमवारी दुपारी दोनला मी बैलाच्या खानावळीत आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात होतो. समोर ऑयगेन, पुढ्यात बिअर, बँड वाजत होता, खिडक्यांवर वाफ. तेवढ्यात एक मुखवटा आला. जुनं सोंग, चिंध्यांचा झगा, लिंडनच्या लाकडाचा नाही का तो लांब नाकाचा म्हातारीचा मुखवटा, मंडळ भाड्यानं देतं तो. सरळ माझ्यापाशी. माझा कान धरला आणि सुरू.

“काय रं गेबहार्टा, वळखलंस का मला? न्हाय? तुला सवताचं कुंपण वळखाय येत न्हाय, मला कुठनं वळखणार!”

झालं, खानावळ फुटली. ते कुंपणाचं असं की, शेजाऱ्याचं कुंपण दोन बोटं वर आलं म्हणून मी दोरी लावून, पाणपातळी लावून, एका सकाळी सरळ रेषेत उतरवलं. कुंपण माझं निघालं. याची वाच्यता मी कुठंच केली नव्हती. मग तो मुखवटा म्हणाला, “आन मार्चात समद्या देशानं घड्याळ तासभर फुडं केलं, तू करनार न्हाय म्हनलास, सरकारचा फाजीलपना म्हनलास! मग प्रार्थनेला गेलास त्ये तासभर उशिरा, आन थेट परक्याच्या पोरीच्या बाप्तिस्म्यात बसलास. त्यांच्या फोटोत आज्जा म्हनून उभा हायेस रं! पोरीचा खरा आज्जा कडंला, निम्मा कापलाय!” (खरं आहे. फोटो मला पोस्टानं आला. चांगला आलाय.)

ताई, मी हसून हसून रडलो. पण नुसत्या विनोदानं नाही. ती बोली! आपली आजी कोंबड्यांना हाकलताना जे शब्द वापरायची, मोज्याला, शेणाला, आळशी माणसाला जे शब्द तिच्याजवळ होते, ते मी आजी गेल्यापासून ऐकले नव्हते. आपण सगळे आता टीव्हीसारखे बोलतो, मीही. आणि हा मुखवटा खिशातून शेंगदाणे काढावे तसे ते शब्द काढत होता. मी टेबलावर मूठ आपटून ऑयगेनला म्हणालो, “ऐक, कान देऊन ऐक! याला म्हणतात विंचरणं. हे या दरीतलं जुनं रक्त. पाच पिढ्या इथं पुरल्याशिवाय ही जीभ येत नाही. तुझ्या त्या रशियन बाईला जन्मात जमणार नाही!” ऑयगेन बिअरमध्ये तोंड घालून खोकायला लागला. मला वाटलं ठसका लागला, मी त्याची पाठसुद्धा थोपटली.

मग मुखवट्यानं कान सोडला, खाली वाकला आणि गोड आवाजात विचारलं, “आन आता खरं सांग गेबहार्टा. समदा उन्हाळा झारी घिऊन कबरस्तानात गेलास, आठवड्यातनं दोन बार. बापाची कबर एका हातावर, त्याची बेगोनियाची फुलं जिभा काढून पडल्यात, आन तू पानी कुनाला घालतोस? फ्रिडोलिनला! त्यो फ्रिडोलिन तुझा कोन लागतो रं? का चष्मा लावाय लाज वाटती?”

सगळे हसले. हसण्यासारखंच आहे. ज्या माणसाशी बाप तीस वर्षं बोलला नाही त्याच्या कबरीला मुलगा झारीनं पाणी घालतो, आंधळेपणानं. हसून सोडायचं होतं. मी उठलो आणि मुखवटा नाकाला धरून ओढला.

बिअर चढली असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुलाही तेच सांगतो. पण हात माझाच होता. दुसऱ्या कुणाचा होता असं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

मुखवटा दगडी फरशीवर पडला आणि नाक तुटून शेगडीखाली गेलं. बँड थांबला. समोर इर्मा. केस घामानं कपाळाला चिकटलेले, एका गालावर पट्ट्याचा वळ. रडली नाही. मला वाटलं रडेल, मग मी काहीतरी बोलीन, मग कुणीतरी मध्ये पडेल. तसं काही नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि सकाळच्या त्या पुस्तकी जर्मनमध्ये म्हणाली, “उद्या सकाळी सात वाजता येते, तुमच्या पत्नींच्या मोज्यांसाठी.” तुमच्या. पत्नींच्या. एका मिनिटापूर्वी माझा कान धरून अरेतुरे करत होती. ताई, कौलं बसवताना छपरावरून मी दोनदा पडलोय, एकदा शाळेच्या आणि एकदा पाद्रीबाबांच्या घराच्या. असं लागलं नव्हतं. ती गेल्यावर मी काय केलं? काहीतरी करायचं म्हणून चार पायांवर होऊन शेगडीखालचं नाक शोधलं. सगळं गाव बघतंय, आणि मी शहात्तर वर्षांचा गेबहार्ट, मंडळाचा ज्येष्ठ सदस्य, धुळीत, ढुंगण वर. मिळालं एकदाचं. कुणी हात देऊन उठवलं नाही. बरोबर केलं.

घरी येऊन ते नाक मी कौलं चिकटवायच्या गोंदानं बसवलं. तो गोंद चांगला आहे, पाद्रीबाबांच्या घरावर चाळीस वर्षं टिकलाय. पण मला चष्म्याशिवाय काम करायची सवय, नाक जरा वरच्या अंगाला आणि उजवीकडे बसलं, आणि तो गोंद एकदा बसला की पाद्रीबाबांच्यानंही निघत नाही. ऑयगेनला नेऊन दाखवलं. त्यानं तो उजेडात धरला. म्हणाला, “आधी ही म्हातारी होती. आता काका, तुम्ही दिसता.” कोरीवकामवाला म्हणतो लाकूड वाळायला हवं, नवा पुढच्या हिवाळ्यात. पण तो प्रश्नच उरला नाही, कारण काल दुपारी इर्मानं आपलं सोंग ऑयगेनकडे परत दिलं. झगा धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. चिंध्यांच्या झग्याला इस्त्री! प्रत्येक चिंधी वेगळी दाबलेली. आत चिठ्ठी, की मंडळातून माझं नाव काढावं, आभारी आहे. ऑयगेन चिठ्ठी वाचून दाखवत होता आणि त्याची बायको माझ्यासाठी आणलेली कॉफी उचलून परत आत घेऊन गेली.

हां, आणि काल सकाळी ती सातला आली. ठोक्याला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तीन वेळा घसा साफ केला. तिनं हेडविगला विचारलं, “यांना खोकला आहे का? पाण्याची वाफ घ्यायला सांगा.” दोन मिनिटांत दोन्ही मोजे आत, बाई बाहेर. हेडविगनं संध्याकाळी ताजी विणलेली गोड पावाची वेणी माझ्या हातात देऊन दाराकडे बोट दाखवलं. एकावन्न वर्षांच्या संसारात मला ते बोट कळतं.

म्हणून गेलो खालच्या आळीत, माफी मागायला. वाक्य पाठ करून गेलो होतो, छोटं, चार शब्दांचं. इर्मा ड्यूटीवर होती. दार तिच्या आईनं उघडलं, ऐंशीची असेल, तुझ्याएवढीच. मी तोंड उघडलं तर म्हणाली, आधी बसा. बसलो. आधी खा. पुढ्यात वाफेवर फुगवलेल्या कणकेच्या गुंडाळ्या, खाली बटाटे, वर तळलेला कांदा. ताई, आपली आजी शुक्रवारी करायची तेच. आणि ती म्हातारी त्याला आजीचंच नाव घेते! मी विचारलं हे तुम्हाला कुणी शिकवलं. तर म्हणाली, “आमच्या आईनं, आमच्या आईला तिच्या आईनं. दोनशे वर्षांमागं आमची माणसं डोंगरापलीकडच्या दरीतून होडीत बसून डॅन्यूबनं काळ्या समुद्राकडे गेली. तिथनं युद्धात आम्हाला मालगाडीच्या डब्यांत भरून कझाकस्तानात सोडलं. सगळं काढून घेतलं. बोली कुणाला नको होती, ती राहिली.” म्हणजे तू बघ, आपण इथं घरात बसून आजीची बोली हरवली, आणि ती माणसं अर्धी दुनिया फिरून ती न सांडता घेऊन आली. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

मग ती म्हातारी कांदा वाढता वाढता म्हणाली, अगदी साधं, “तिकडे आम्हाला जर्मन म्हणून शिव्या द्यायचे. इकडे रशियन म्हणतात. आमची इर्मा सोमवारी मुखवटा घालून निघाली तेव्हा म्हणाली, आई, आज दिवसभर मला कुणी विचारणार नाही मी कुठली.” आणि पुढे, “तुमच्या वडिलांच्या कबरीची काळजी करू नका. आजीच्या कबरीला पाणी घालते तेव्हा इर्मा त्यांच्याही बेगोनियाला घालते. उन्हाळाभर घातलं. चेष्टा केली ती केली, फुलं मरू दिली नाहीत.”

मी तिसऱ्यांदा खाल्लं. मग उठलो, आभार मानले आणि घरी आलो. चार शब्दांचं वाक्य तसंच पोटात, वर कांदा. हातात खारवलेल्या कलिंगडाची बरणी. माफी मागायला गेलो आणि डबा घेऊन आलो! हेडविगनं बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झोपायला गेली.

येत्या रविवारी, थंडी पळवायला बाहुली जाळतात त्याच्या आधी, मंडळाची बैठक आहे. विषय एकच, गेबहार्टचं काय करायचं. माझं काय व्हायचं ते होऊ दे, मी फार तर चौकात बसायचा तो दुसऱ्या चौकात बसेन. पण इर्माचं नाव कापलं गेलं तर ते या गावात पुन्हा कधी लागणार नाही, ती तशी बाई आहे, चिंधीला इस्त्री करणारी. तिला परत कशी आणायची हे मला कळत नाही. माझं शिक्षण आठवीपर्यंत, त्यात हे नव्हतं. असो. तुला उगाच कशाला त्रास. आज सकाळी पाद्रीबाबांनी कपाळाला राख लावली तेव्हा अंगठा जरा जास्तच जोरात दाबला असं वाटलं. खुब्याला जप. हेडविग नमस्कार सांगते.

तुझा धाकटा भाऊ,
गेबहार्ट

ता.क. वर ‘कारण काही नाही’ असं लिहिलंय ते खोटं. मला वडिलांचा मुखवटा हवाय. माझ्यासाठी नाही. मंडळाच्या मुखवट्याचं नाक मी घालवलं, तेव्हा इर्माला मी मुखवटा देणं लागतो, आणि या गावात तिच्या जिभेच्या तोडीचा मुखवटा एकच आहे, तो ब्रेमेनमध्ये आहे. सासष्टचा ठराव रद्द करायचा प्रस्ताव मी रविवारी मांडणार आहे. तिला चालेल का, हे तू विचार. मी विचारलं तर ती मोज्यांबद्दल बोलेल.

ता.क. दुसरा. तो मुखवटा तू चोरून नेलास असं मी गावात आजवर सांगत आलो. सासष्टच्या त्या बुधवारी पहाटे वडिलांनी तो स्वतः तुझ्या पेटीत, लोकरीच्या स्वेटरांमध्ये गुंडाळून ठेवला. मी जिन्यावर होतो. मला दिसलं. मला हवा होता तो.

ता.क. तिसरा. हे हेडविगनं वाचलेलं नाही. ते चष्म्याचं कारण खोटं, ताई. जवळचं दिसत नाही, नाकं वाकडी बसतात, पण हातभर अंतरावरची कबर मला चष्म्याशिवायही वाचता येते. फ्रिडोलिनला पाणी मी चुकून घालत नव्हतो. सासष्टला त्या टेबलावरून तुझं नाव घेऊन ओरडलो तो मी. तू मला विंचरलं होतंस, हेडविगच्या खिडकीत डोकावताना मी शेणाच्या खड्ड्यात पडलो ते, आणि हेडविग समोर बसली होती. मी फ्रिडोलिनच्या पाठीमागे उभा होतो. त्यानं वळून मला बघितलं. मग वडिलांनी त्याला विचारलं तेव्हा तो एकदा म्हणाला ‘मी नव्हतो’, आणि वडिलांनी ‘मग कोण’ विचारल्यावर गप्प बसला. मरेपर्यंत गप्प बसला. त्याला मूलबाळ नाही, कबरीला कुणी येत नाही. इर्मानं विचारलं फ्रिडोलिन तुझा कोण लागतो, तेव्हा मला वाटलं तिला कळलंय. तिला काहीच माहीत नव्हतं. रविवारी हे मी मंडळात उभं राहून सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं. अठ्ठावन्न वर्षं आधी.

ता.क. शेवटचा. मुखवटा पार्सलनं पाठवू नकोस, लाकूड जुनं आहे, डाव्या कानामागे चीर आहे. घेऊन ये. शनिवारी दुपारी तीन वीसची गाडी आहे (म्हणजे येईल चारला). मी स्टेशनवर दोनपासून उभा असेन. मला बघायचं नसेल तर मुखवटा घालूनच उतर. मी नाव घेणार नाही, हात लावणार नाही. घरापर्यंत हवं तेवढं विंचर.